सांग्रियाचे वय: एका चुकलेल्या वाक्याचा इतिहास

१/
गेल्या उन्हाळ्यात मी नाशिकजवळच्या एका वाइनरीत दर रविवारी पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम करीत असे. एप्रिलच्या दुपारी लोकांना इतिहासापेक्षा समोरच्या थंडगार पेल्यात अधिक रस असतो. लाल वाइन, संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी आणि बर्फ, म्हणजेच सांग्रिया. पेला पुढे करताना मी एकदा मोठ्या रुबाबात म्हणाले, "हे स्पेनचे दोन हजार वर्षांपूर्वीचे पेय आहे. रोमन सैनिकही हेच पीत."

गटातले एक निवृत्त शिक्षक शांतपणे म्हणाले, "पोरी, हे कुठे वाचलंस?"

२/
मी ते कुठेच वाचले नव्हते. ऐकले होते, आवडले होते, म्हणून सांगितले होते. इतिहासात एम.ए. करणाऱ्या मुलीला याहून मोठी शरमेची गोष्ट कोणती? मित्रहो, हा थ्रेड म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

३/
आधी नावाकडे पाहू. स्पॅनिश भाषेत 'सांग्रे' म्हणजे रक्त, आणि पेयाचे नाव त्या रंगावरून आले. स्पेनबाहेर, विशेषतः अमेरिकेत, त्याला लोकप्रियता मिळवून दिली ती १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील स्पेनच्या दालनाने. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार तिथल्या बाजारात नुसते 'सांग्रिया' हे नाव केवळ स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेल्या पेयालाच लावता येते.

४/
खुद्द स्पेनमध्ये उन्हाळ्यात याहून साधे पेय चालते. त्याचे नाव 'तिंतो दे वेरानो', म्हणजे उन्हाळ्यातली लाल वाइन. वाइन आणि लिंबाचा गोडसर सोडा साधारण निम्मेनिम्मे, वर बर्फ. १३ टक्के मद्यार्काची वाइन अशी साडेसहा टक्क्यांवर येते. लाल वाइन फार थंड केली की तिचा तुरटपणा जिभेला अधिक जाणवतो. सोड्याची किंवा फळांची गोडी तो झाकते. तहान भागवण्याचे सारे मर्म एवढेच.

५/
मग रोमन सैनिकांचे काय? ते 'पोस्का' पीत. पोस्का म्हणजे आंबलेली वाइन किंवा व्हिनेगर आणि पाणी. त्यात ना संत्रे, ना बर्फ. वाइनमध्ये पाणी मिसळण्याची रीत मात्र खरोखरच प्राचीन आहे. ग्रीकांकडे त्यासाठी 'क्रेटर' नावाचे खास भांडे असे आणि त्या शब्दाचा संबंधच मिसळण्याशी आहे. पाणी न घालता पिणे त्यांना रानटीपणाचे वाटे. माझ्या वाक्यात सत्याचा अंश होता तो एवढाच.

६/
आता नाशिककडे वळू, कारण खरा मोह इथेच आहे. पांडवलेणीतील १० क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाच्या काळातले. त्याचा जावई उषवदात याच्या तिथल्या शिलालेखात भरुकच्छ आणि गोवर्धन या ठिकाणी बांधलेल्या विश्रामगृहांचा उल्लेख येतो. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच आणि गोवर्धन म्हणजे नाशिकशेजारचे गाव. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ त्याच भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देतो. तीत वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला अधिक पसंती असल्याची नोंदही आहे. राजासाठी येणारी उंची वाइन वेगळी सांगितली आहे. हा राजा नहपानच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

७/
कौटिल्याचे अर्थशास्त्र तर याहून मोहात पाडणारे आहे. त्यातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि आंब्याच्या रसाची 'सहकारसुरा'ही तिथे भेटते. फळ आणि मद्य यांची संगत आपल्याकडे नवी नव्हती, हे यावरून दिसते.

८/
हे तीन पुरावे एका दोऱ्यात ओवले की 'नाशिकची दोन हजार वर्षांची वाइन-परंपरा' सहज तयार होते. पण पुरावे नीट वाचा. पेरिप्लसमधील नोंद आयातीची आहे, द्राक्षबागेची नव्हे. अर्थशास्त्र जे 'मधु' सांगते त्याची 'कापिशायन' आणि 'हारहूरक' ही नावे वायव्येकडच्या प्रदेशांकडे बोट दाखवतात, गोदाकाठाकडे नव्हे. पुरावे खरे आहेत, त्यांना जोडणारा दोरा मात्र आपण वळलेला आहे.

९/
या दोऱ्यावर माझा राग का, तेही सांगते. माझे वडील निफाड तालुक्यात खाण्याची द्राक्षे पिकवतात. आपल्या उष्ण हवेत वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपी जात नाही. म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. स्पेनमध्ये द्राक्षे शरदाच्या तोंडावर उतरतात, आपल्याकडे हिवाळा सरता सरता. परक्या वेलाला इथल्या ऋतूंची सवय लावण्याचे हे काम विसाव्या शतकातल्या शेतकऱ्यांचे. सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली. दोन हजार वर्षांची खोटी परंपरा सांगितली की श्रेय कुणा क्षत्रपाकडे जाते, आणि अवकाळी पावसात रात्र रात्र जागून काढणारा माणूस गोष्टीतून नाहीसा होतो.

१०/
ते शिक्षक पुन्हा आले नाहीत. मी मात्र पुढच्याच रविवारी वाक्य बदलले. "कृती स्पेनची आहे, द्राक्षे नाशिकची आहेत."

एका मुलाने विचारले, "ताई, मग हे किती जुनं?"

मी म्हणाले, "इथला आजचा वाइन-उद्योग ना? साधारण माझ्याएवढा."

सगळे हसले. वाक्य छोटे होते, पण त्याचा पुरावा माझ्यापाशी होता.