रामरक्षेच्या वेगानं

सायकल मला आप्पांनी शिकवली नाही. ती येत होती, अशी माझी समजूत होती.

२०१८च्या डिसेंबरात मी २०० किलोमीटरची पहिली बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायला गेले. धनकवडीहून सातारा रस्त्यानं जाऊन परत. मुदत साडेतेरा तासांची. ‘ही शर्यत नाही, वेळेत पोचलं की झालं,’ असं सगळे सांगत होते, म्हणून मी निर्धास्त. परतताना खेड शिवापूरपासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत रस्ता चढत जातो. गाडीत बसलेल्याला ते जाणवतही नाही. त्या चढावर मी दोनदा खाली उतरून रस्त्याकडेला बसले. पोचले तेव्हा मुदत टळून चाळीस मिनिटं झाली होती.

घरी आल्यावर मी वेळेवर खापर फोडलं. बँकेतली नोकरी, मुलीची सकाळची शाळा, सासूबाईंचं आजारपण. आठवड्यातून तीन सकाळी, सगळे मिळून पाच-सहा तास, एवढंच हाती लागायचं. एवढ्यात काय होणार? हे मी इतक्यांदा बोलले होते की मला ते पाठ झालं होतं.

आप्पा आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची काळी जुनी सायकल जिन्याखाली असायची. माझी कार्बनची, शिवाय मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. एकदा फाटकाशी ते म्हणाले, “तू रोज एकाच वेगानं चालवतेस का गं?” मी हसून वर निघून गेले. या म्हाताऱ्याला काय कळतंय, असंच मनात आलं होतं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

आप्पा तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तीनदा उतरले होते, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही त्या फजितीनंतर. बोरघाटात सगळ्यांत पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आप्पा त्याच्या जवळपासही कधी नव्हते, हे ते स्वतःच सांगत. पण कारखान्याच्या पाळ्या सांभाळून ते तयारी कशी करायचे, हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं. कामावर जाता-येता खांब मोजायचे. विजेचे चार खांब जीव खाऊन, पुढचे चार अगदी निवांत. लांबचा पल्ला फक्त सुट्टीच्या दिवशी.

मग त्यांनी माझाही सराव आखायला घेतला. मला दोनशे पानी वही आणायला लावली. मंगळवारी तळजाईचा चढ: दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग चार मिनिटं दम लागेस्तोवर, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. गुरुवारी तासभर सपाटीवर. रविवारी तीन तास. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्मं.

गुरुवार आणि रविवार मला जड गेले, कारण ते हळू चालवायचे होते. किती हळू, तर रामरक्षा म्हणता येईल इतकं. “श्लोक मध्येच तुटला की वेग कमी करायचा,” आप्पा म्हणायचे. मला ते फार अपमानास्पद वाटे. शाळकरी पोरं मला मागं टाकून जायची आणि मी पुटपुटत बसायची.

महिन्याभरात मी खोटेपणा केला. एका गुरुवारी ओळखीचा एक गट बोपदेव घाटाकडे निघालेला दिसला आणि मी त्यांच्यामागे सुटले. वहीत मात्र लिहिलं, ‘एक तास, हळू.’ पुढच्या मंगळवारी तळजाईवर तिसऱ्या खेपेलाच पाय संपले. दोन-तीन आठवडे असंच चाललं. शेवटी मीच जाऊन सांगितलं. आप्पा चहा ओतत होते. “मंगळवारचे आकडे बघून कळलंच होतं,” एवढंच म्हणाले आणि कप पुढे केला.

नंतर मी याबद्दल वाचलं. मोठ्या दमाच्या खेळांतले अव्वल खेळाडू साधारण ८० टक्के सराव सावकाश करतात, हे स्टीफन सायलर या अभ्यासकानं दाखवलं आहे. सावकाश चालवताना स्नायूंना प्राणवायू वापरायची सवय लागते, हृदयाचा जोर वाढतो तो दम लागणाऱ्या मिनिटांत, आणि दोन्हींचं फळ विश्रांतीत मिळतं. मी वर्षानुवर्षं या दोन्हींच्या मधल्या वेगात चालवत आले होते. सावकाश म्हणावं तर थकवणारा, जोराचा म्हणावं तर लेचापेचा. वेळ कमी असेल तर मधला वेगही कामाचा, असं म्हणणारे जाणकार आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्यानं नुसतं दमवलं. आप्पांनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांच्यापाशी त्यांची वही होती, तीन शर्यतींची.

खाण्याचंही त्यांनीच शिकवलं. पहिल्या वेळी शिरवळपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, भूकच नव्हती म्हणून. त्यांनी राजगिऱ्याचे लाडू बांधून दिले आणि दर अर्ध्या तासाला घड्याळ वाजेल असं लावून घेतलं, माझ्याच त्या महागड्या घड्याळात.

२०१९च्या डिसेंबरात पुन्हा गेले. आठवड्याचे तास तेवढेच होते, एकही वाढला नव्हता. शिवापूरच्या पुढे उतरावंसं वाटलं तेव्हा गियर हलका केला आणि मोठ्यानं रामरक्षा सुरू केली. शेजारून जाणारा एक ट्रकवाला मान वळवून बघत राहिला. बारा तास बत्तीस मिनिटं लागली. शिक्का मारलेलं कार्ड घेऊन मी आप्पांकडे गेले. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, वहीत ठेवलं आणि पुढच्या सात दिवसांसमोर एकेक करून ‘आराम’ लिहिलं.

२०२१मध्ये ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले. गुडघ्यांमुळे सायकल सुटली आहे. रविवारी दुपारी मी फोन करते. किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला, हे ते कधीच विचारत नाहीत.

“कुठपर्यंत झाली?” म्हणतात.

मी श्लोक सांगते.