भर दुपारचा विळा

सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात व्हिन्सेंट व्हान गॉगच्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीला गज होते. 1889च्या मे महिन्यात तो तिथे आपणहून दाखल झाला. खिडकीखाली दगडी भिंतीनं वेढलेलं गव्हाचं शेत, पलीकडे निळसर टेकड्या. हे शेत त्यानं पुन्हा पुन्हा रंगवलं. कधी कोवळं हिरवं, कधी पावसात भिजणारं, कधी पिकून पिवळं झालेलं. या चित्रांत भिंत येते, गज मात्र कुठेच दिसत नाहीत. ते त्यानं परस्पर वगळले.

कापणी करणाऱ्या माणसाचं चित्र त्यानं जूनमध्ये हाती घेतलं. मध्ये आजारानं गाठलं. सप्टेंबरमध्ये तो त्याच विषयाकडे परतला आणि चित्र नव्यानं रंगवलं. चित्रभर पिवळ्याचे जाड, वळसे घेणारे फटकारे आहेत. त्यांत हिरवट-निळ्या मोजक्या रेषांचा एक माणूस विळा चालवतो आहे. त्याला चेहरा असा नाहीच, आणि पीक त्याला जवळजवळ गिळून बसलं आहे. भाऊ थेओला त्यानं कळवलं, की या माणसात मला मृत्यू दिसतो आणि कापला जाणारा गहू म्हणजे माणसं. पण या मरणात दुःखाचं काही नाही, कारण ते लख्ख उन्हात घडतं आहे.

मरण रंगवायचं म्हटलं की चित्रकाराचा हात आपसूक काळ्याकडे जातो. यानं पिवळ्याची नळी पिळली. मला ही कल्पकता वाटत नाही. त्यानं शेत नीट पाहिलं होतं, इतकंच. आपण गव्हाला सोनेरी म्हणतो तेव्हा रोप संपलेलं असतं. होतं नव्हतं ते सगळं दाण्यात ओतून पानं आणि काड वाळून गेलेली असतात. हिरवा गहू वाऱ्यावर नुसता लवतो, पिकलेला वाजतो. त्यात शिरलं की कुसळं टोचतात, अंगाला खाज सुटते, आणि कवितेतलं सोनं बांधावरच राहतं. व्हान गॉगनं वापरलेल्या क्रोम पिवळ्यालाही हेच भोगावं लागलं. उजेड लागून तो रंग हळूहळू तपकिरी होतो.

लोकांच्या मनात ठसलं ते मात्र दुसरंच शेत. 1890च्या जुलैमध्ये ओव्हेर या फ्रेंच खेड्यात काढलेलं, जेमतेम अर्धा मीटर उंच आणि मीटरभर रुंद, वर वादळी आभाळ आणि कावळे. मधली वाट गव्हात शिरते आणि तिथेच हरवते. कर्क डग्लसनं व्हान गॉग साकारलेल्या 1956च्या चित्रपटानं हे त्याचं शेवटचं चित्र ठरवून टाकलं. अभ्यासक आज तो मान झाडाच्या मुळांच्या एका चित्राला देतात. या काळातल्या शेतांविषयी लिहिताना व्हान गॉगनं आधी दुःख आणि कमालीचा एकाकीपणा म्हटलं. पुढे त्याच पत्रात खेड्याकडे आपल्याला जे निरोगी आणि बळ देणारं वाटतं तेही या चित्रांत आहे, असंही लिहिलं. जगानं पहिला भाग पाठ केला. आपण तरी कावळ्यांना घाबरायचं कारण नाही. दहाव्याला घाटावर ताटकळत ज्या एकाची वाट पाहतो, तो इथे थव्यानं आला आहे.

कावळ्यांचं हे चित्र सध्या ॲम्स्टरडॅममध्ये आहे. त्याच शहरात 1725 साली संगीतकार विवाल्डीचे ‘चार ऋतू’ छापले गेले. सुरावटीसोबत प्रत्येक ऋतूचं एकेक सॉनेटही छापलेलं, कुणी रचलं ते ठाऊक नसलेलं. त्यातला ‘उन्हाळा’ अंगावर येतो. आधी उकाड्यानं गळून गेलेले सूर, मग कोकिळेची हाक, माशा-चिलटांची भुणभुण, वादळाच्या धास्तीनं झोप उडालेला मेंढपाळ. अखेरीला गारा येतात. व्हायोलिनवर एकच सूर घाईघाईनं ठोकला जातो, मग स्वरांची रांग वरून खाली कोसळते, पुन्हा वर चढते, पुन्हा कोसळते. सॉनेट सांगतं की गारांनी ओंब्यांची मुंडकी उडवली आणि ताठ उभं पीक झोडपून काढलं. हा भाग जाहिरातींत नुसता वेग म्हणून वाजवला जातो. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांखाली आडवा झालेला गहू ज्यांनी पाहिला, त्यांना त्यात वेगापलीकडचं काही ऐकू येईल.

या ‘उन्हाळ्या’त विळ्याला वावच नाही. व्हान गॉगच्या शेतात निदान एक माणूस होता, उन्हात घाम गाळून कापणारा. विवाल्डीकडे पीक हातात येण्याआधीच जातं, आणि तेही तीनेक मिनिटांत. लगेच पुढचा ऋतू सुरू होतो, ‘शरद’. त्याच्या पहिल्याच सुरांत शेतकरी चांगल्या सुगीच्या आनंदात नाचू-गाऊ लागतात, दारू पितात आणि झोपी जातात. गारपीट कुणाच्या शेतात झाली होती, त्याचा संगीतकारानं पुन्हा उल्लेखही केलेला नाही.