पीतांबराचा पिवळा

१/ बसोहली, कांगडा किंवा बुंदीच्या लघुचित्रात कृष्ण शोधावा लागत नाही. निळ्या देहावरचा पीतांबर नजरेला आधी सापडतो. बोटभर आकृतीवरचा तो पिवळा रंग येई कोठून? प्रमुख उत्तरे दोन, आणि दोन्ही अस्वस्थ करणारी.

२/ आधी रीत पाहू. वसली म्हणजे कागद एकमेकांवर चिकटवून केलेला जाड पुठ्ठा. चित्रकार तिच्यावर आकृतीची रेघ काढी आणि वर पांढऱ्या रंगाचा पातळ थर देई. खालची रेघ त्यातून अंधूक दिसे. तीच पुन्हा पक्की करून मग तो रंग भरी. पांढऱ्या पायामुळे पिवळा उजळून उठे.

३/ डिंकाच्या पाण्यात खललेला रंग पातळ थरांनी चढवला जाई. मग चित्र गुळगुळीत दगडावर पालथे घालून पाठीमागून अकीकाने घोटत. त्याने रंग एकजीव होऊन तुकतुकीत दिसे. वस्त्राच्या चुण्या खारीच्या केसांच्या कुंचल्याने, गडद रेषेत. सोने सर्वांत शेवटी.

४/ पहिला पिवळा हरताळ: आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज, म्हणजे विषच. तो फार बारीक वाटला तर त्याची झळाळी उतरते. पोथ्यांतील चुका झाकण्यासाठीही लेखनिक हाच लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्यातूनच आला. ज्या द्रव्याने देवाचे वस्त्र रंगे, त्यानेच चुकलेले अक्षर पुसले जाई.

५/ दुसरा पिवळा पिउरी. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला तिची हकीकत कळवली. बिहारमधील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी काही गवळी गायींना आंब्याची पाने आणि पाणी देत. त्यांचे मूत्र तापवून, कापडातून गाळून उरलेल्या साक्याचे गोळे वळत आणि ते विस्तवावर व उन्हात सुकवत.

६/ त्या गायी खंगलेल्या दिसत, असे मुखर्जींनी नोंदवले. साक्षीदार एकटाच, म्हणून पुढे काहींनी ही दंतकथा ठरवली. परंतु त्यांनी पाठवलेले नमुने लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात टिकून होते. अलीकडच्या रासायनिक तपासणीने त्यांच्या कथनाला पुष्टी दिली. पिउरी मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारातून नाहीशी झाली होती.

७/ प्रत्येक पीतांबर पिउरीचा नसतो, आणि नुसत्या डोळ्यांना भेद कळणे कठीण. अतिनील प्रकाशात मात्र पिउरी तेजस्वी पिवळी चमकते. जेथे ती चमक उमटते, तेथे गोपाळाचे वस्त्र अर्धपोटी गायींच्या देहातून आलेले असते. अशा चित्रावर कधी राजाचे नाव सापडते, क्वचित चित्रकाराचे. गवळ्याचे सापडत नाही, आणि त्याच्या गायीचेही नाही.