धुकं काढलं आणि शहर लहान झालं

गेले तीन वीकेंड मी व्हाइस सिटीत आहे. घरच्यांचं यावर मत काय आहे ते विचारू नका :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (असे वाचक दोन-तीनच असतील, पण असो): 'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी' हा गेम २००२ साली प्लेस्टेशन टूवर आला आणि मे २००३ मध्ये पीसीवर. मायामीवर बेतलेलं काल्पनिक शहर, साल १९८६, आणि पंधरा वर्षं तुरुंगात काढून बाहेर आलेला टॉमी व्हर्सेटी. बाकी काम एकच. दिसेल ती गाडी पळवायची, सांगेल त्याला मारायचं आणि हळूहळू सगळं शहर ताब्यात घ्यायचं. संस्कारक्षम वयात खेळावा असा गेम मुळीच नव्हे. आम्ही अर्थातच त्याच वयात खेळलो.

सायबर कॅफेत तासाला वीस रुपये. एक मशीन, त्याभोवती चार खुर्च्या आणि सहा पोरं. मावसभाऊ मोठा, म्हणून गाडी तो चालवणार. मी कीबोर्डच्या डाव्या बाजूला बसून चीट कोड टाइप करणार. 'पँझर' टाइप केलं की आकाशातून पडल्यासारखा रणगाडा समोर हजर. 'लीव्ह मी अलोन' सलग टाइप केलं की पोलीस मागे लागायचे थांबत. 'ॲस्पिरिन'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा 'ई' लागायचा, तो विसरलं की टॉमी मेला आणि सगळ्यांच्या शिव्या मला. गेमला गोष्ट आहे हे आम्हाला बरेच महिने ठाऊकच नव्हतं. मूळ गेम दोन सीडींवर यायचा. आमच्या कॅफेवाल्याकडे एकच होती, काटछाट केलेली, कॉपीची कॉपी. तिच्यात रेडिओ नव्हता! ज्या गेमचा अर्धा जीव गाडीतल्या रेडिओत आहे, तो आम्ही दोन वर्षं कॅफेच्या पंख्याच्या खडखडाटावर खेळलो.

तर नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने 'थ्री', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' या तिन्ही गेम्सची नवी आवृत्ती एकत्र काढली आणि तिला नाव दिलं 'डेफिनिटिव्ह एडिशन'. म्हणजे आता हीच खरी. काम दिलं होतं ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या फ्लोरिडातल्या छोट्या स्टुडिओला, ज्यांनी आधी या गेम्सच्या मोबाइल आवृत्त्या केल्या होत्या. नवं इंजिन अनरिअल, नवा प्रकाश, चकचकीत गाड्या, 'जीटीए फाइव्ह'सारखे कंट्रोल. आणि लाँचच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, जुन्या आवृत्त्या दुकानांतून काढून घेतल्या. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वाचूनच घाम फुटला असेल. नवी सिस्टिम लाइव्ह जायच्या आधीच रोलबॅकचा रस्ता बंद!

पुढे काय झालं ते त्या महिन्यात सगळ्या जगाने बघितलं. पीसी आवृत्ती लाँच झाल्या झाल्याच काही दिवस विक्रीतून काढावी लागली, कारण जायला नको त्या फायली आत गेल्या होत्या. पाऊस पडायचा तो पांढऱ्या दोऱ्यांसारखा, समोरचं काही दिसायचं नाही. माणसं प्लास्टिसिनची बाहुली. दुकानांच्या पाट्यांवरच्या स्पेलिंगची वाट लागलेली, कारण जुनी बारीक चित्रं मोठी करायचं काम बरंचसं मशीनकडून करून घेतलं होतं आणि मशीनला अक्षर आणि डाग यातला फरक कळला नव्हता. १९ नोव्हेंबरला रॉकस्टारने चक्क माफी मागितली आणि जुन्या आवृत्त्या आपल्या स्टोअरवर परत आणण्याचं कबूल केलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजून छळते. 'टफ नट डोनट्स' नावाचं एक दुकान आहे. डोनटमधला 'नट' आणि टफ नट अशी दुहेरी गंमत, आणि म्हणून दुकानाच्या पाटीवर भलामोठा लोखंडी नट. नट-बोल्टमधला नट, सहा कोनांचा. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून गोल केलेले होते. कुणा माणसाने केले का टूलने, देव जाणे. विचार साधा असणार: जुन्या काळी गोल आकार परवडायचे नाहीत, म्हणून सहा बाजूंत भागवलं असेल, आता परवडतंय तर करा गोल. तांत्रिकदृष्ट्या सुधारणाच की. फक्त विनोद मेला.

आता धुक्याचं बघा. प्लेस्टेशन टूची मुख्य मेमरी होती ३२ एमबी. आज आपण व्हॉट्सॲपवर लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा पाठवतो. अख्खं शहर त्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून खेळणारा जाईल तसतसं पुढचं शहर डीव्हीडीवरून उचलायचं आणि मागचं टाकून द्यायचं. लांबचं दाखवायचंच नाही, तिथे धुकं. व्हाइस सिटीत ते धुकं संध्याकाळी नारिंगी-गुलाबी व्हायचं, समुद्रावरून आलेल्या दमट हवेसारखं. सॅन अँड्रियासमध्ये तर धुराची मळकट झालर. मेमरी कमी म्हणून घातलेला पडदा, पण चित्रकारांनी त्याच्यावरच चित्र काढलं होतं.

नव्या मशीनवर मेमरी भरपूर, म्हणून पडदा काढला. आणि लोक सॅन अँड्रियासच्या माउंट चिलियाडवर चढून बघतात तर काय, तीन शहरं, वाळवंट, जंगल, सगळं 'राज्य' एका नजरेत! या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्या रस्त्यावर आम्ही सुट्टीच्या सुट्ट्या काढल्या, तो एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या मॉडेलएवढा. शहर आधीही तेवढंच होतं, फक्त ते कळत नव्हतं.

तशीच गाड्यांची गंमत. एखादी दुर्मिळ स्पोर्ट्स कार महत्प्रयासाने मिळवावी आणि दोन मिनिटांत तीच गाडी सगळ्या रस्त्यावर दिसायला लागावी. आम्ही म्हणायचो, गेम आपल्यावर जळतो. खरं कारण असं की एका वेळी गाड्यांची मोजकीच मॉडेल मेमरीत ठेवता यायची, आणि तुमच्या बुडाखालची गाडी मेमरीत असतेच, मग ट्रॅफिकलाही तीच वापरा. हे कळल्यावर माझा त्या टीमबद्दलचा आदर दुप्पट झाला.

रॉकस्टार नॉर्थचे तेव्हाचे टेक्निकल डायरेक्टर ओबे वर्मेय यांनी अलीकडच्या वर्षांत त्या काळचे किस्से जाहीरपणे सांगितले आहेत. मला सगळ्यात आवडलेला चंद्राचा. 'जीटीए थ्री'च्या वेळी आकाशात चंद्र केवढा असावा यावर आर्टिस्टांचं एकमत होईना. कुणाला मोठा हवा, कुणाला लहान. वर्मेय यांनी वाद घातला नाही. स्नायपर रायफलने चंद्रावर गोळी मारली की तो लहान-मध्यम-मोठा असा बदलेल एवढी सोय करून दिली आणि सांगितलं, तुमचं ठरलं की कळवा. ते काही ठरलं नाही, आणि चंद्र तसाच राहिला. कुठल्याही रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये नसलेली गोष्ट, आणि वीस वर्षांनी लोक तिच्याबद्दल प्रेमाने बोलतायत. उद्या कुणी हा कोड साफ करायला बसला तर ही फंक्शनं तो ठेवेल का?

हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून विचारतोय. सध्या ऑफिसात आम्ही एका क्लायंटची वीस-बावीस वर्षं जुनी बिलिंग सिस्टिम नव्यावर नेतोय. मदतीला एआय टूल आहे, जुना कोड वाचतं आणि नवा लिहून देतं, खरोखर चांगलं काम करतं. त्या कोडमध्ये एक अट आहे: डेपो नंबर सात असेल तर सकाळी अकराच्या आत बिल सोडू नये. बाकी सोळा डेपोंना ही अट नाही. टूलने शेरा मारला, अनावश्यक थांबा, काढून टाकावा. आमच्या टीममध्ये एक काका आहेत, ही सिस्टिम पहिल्या दिवसापासून सांभाळणारे. त्यांना विचारलं तर हसले.

"अरे, तिथे तेव्हा रोज सकाळी लाइट जायची. लोडशेडिंग. प्रिंटर बंद, बिलं मध्येच अडकायची. म्हणून मी अकरा टाकले."

म्हणजे टूल बरोबर? लोडशेडिंग जाऊन जमाना झाला. तरी डेपोला फोन लावला. तिथले अकाउंटंट म्हणाले, "अहो, ते अकराचं काढू नका हां. तेवढ्या वेळात आम्ही आदल्या दिवशी परत आलेला माल चढवतो. नाहीतर रोज बिलं चुकतील."

कारण मेलं होतं आणि त्याच्या जागेवर दुसरंच काहीतरी राहायला आलं होतं. हे ना कोडमध्ये लिहिलंय, ना काकांना माहीत होतं.

पण म्हणून जुनं ते सोनं असं मी अजिबात म्हणणार नाही. 'डिमॉलिशन मॅन' आठवतं? खेळण्यातलं हेलिकॉप्टर घेऊन, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे, तेही घड्याळाच्या काट्यावर. पीसीवर त्याचे कंट्रोल म्हणजे दोन हातांना तीन कामं. आमच्या कॅफेत त्या एका मिशनवर किती वीस-वीस रुपये गेले याचा हिशोब नाही. फसलं की परत त्या व्हॅनपर्यंत जा, परत पहिल्यापासून. नव्या आवृत्तीत फसलं की एक बटण, लगेच पुन्हा सुरू. नकाशावर खूण केली की रस्ताही दाखवते. हे दोन्ही बदल मी दोन्ही हातांनी नमस्कार करून स्वीकारले आहेत. जुनी तगमग परत हवी असं म्हणणाऱ्यांनी ती खुशाल सोसावी. गंमत म्हणजे एक गोष्ट त्यांनी जशीच्या तशी ठेवलीय. चहूकडे समुद्र असलेल्या शहरातल्या या डॉनला अजूनही पोहता येत नाही. पाण्यात पडला की संपला :-)

मी जी आवृत्ती आत्ता खेळतोय ती नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटनंतरची. डिसेंबर २०२३ मध्ये हेच गेम्स नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवर आले, त्याचं काम व्हिडिओ गेम्स डिलक्स या ऑस्ट्रेलियातल्या स्टुडिओने केलं होतं. त्यात 'क्लासिक लायटिंग' होतं. वर्षभराने तेच पीसी आणि कन्सोलवर आलं. सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं की आकाशाचे जुने रंग परत आणि धुकंही परत. तीन वर्षं लागली, पण पडदा जागेवर आला. त्याच अपडेटमध्ये सुरुवातीच्या स्क्रीनवरून ग्रोव्ह स्ट्रीट गेम्सचं नाव मात्र गेलं. हे मला पटलं नाही. काम कसं का असेना, केलं त्यांनी होतं, आणि तीन मोठे गेम्स, अनेक मशीन्स आणि एक लाँचची तारीख असं गणित त्यांच्या एकट्याच्या हातात नसणार.

संध्याकाळ झाली की मी ओशन बीचवरून सावकाश गाडी चालवतो, कुणालाही न उडवता (जवळजवळ). लांबच्या इमारती गुलाबी धुरकटात विरघळतात आणि शहर पुन्हा न संपणारं वाटतं. रेडिओ आहे या वेळी, पण पूर्ण नाही. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' मूळ गेममध्ये होतं, आता नाही. गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, शहराला मुदत नसते. म्हणजे कॅफेच्या सीडीत जे नव्हतं, त्यातलं काही इथेही नाहीच. टॉमीचा आवाज मात्र तोच, रे लिओटाचा. तो मे २०२२ मध्ये गेला. इमारती, चेहरे, पाणी सगळं घासूनपुसून नवं केलंय, आवाजाला कुणी हात लावलेला नाही. पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा लक्षात आलं की हा माणूस किती थकलेला आणि किती चिडलेला आहे. सहा पोरांच्या गोंगाटात ते कुठलं कळायला.

मावसभावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पँझर मार."

या वीकेंडला एवढंच. पुढच्या शनिवारी खेळणं नाही. काका महिनाअखेरीला रिटायर होतायत आणि त्यांनी घरी बोलावलंय. डेपो सातसारख्या एकोणतीस ओळींची यादी काढलीय मी, ती घेऊन जाणार आहे. त्यांना पाठवली होती. म्हणाले, अठरा-वीस तरी आठवतील. उरलेल्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.