उजी येथील थंड पेला

ओसाका येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याकडे गेल्या जुलईत आम्ही दोघें गेलों होतों. मी आणि त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी. दादांना जाऊन तेव्हां आठ महिने झाले होते. दुपारीं तीन वाजतां दोघांनीं समोरासमोर बसून चहा घ्यावयाचा, हा त्या घरचा चाळीस वर्षांचा नेम. दादा गेल्यापासून वहिनींनीं चहास स्पर्श केला नव्हता. आणि पुतण्यानें आम्हांस दाखविण्यासाठीं गांव निवडला तो नेमका चहासाठीं नांवाजलेला उजी! "आईला नदी आवडेल," एवढेंच तो म्हणाला.

केइहान रेल्वेनें निघून चुशोजिमा येथें गाडी बदलली, कीं शेवटचें स्थानक उजी. क्योतोच्या दक्षिणेस, बिवा सरोवरांतून निघालेली नदी डोंगरांतून जेथें बाहेर पडते तेथें हा गांव वसला आहे. येथील पहिला पूल ६४६ सालीं बांधला असें सांगतात. आजच्या पुलालाही एका अंगास लहानसा सज्जा आहे. तोयोतोमी हिदेयोशीनें आपल्या चहासाठीं तेथून पाणी काढविलें अशी आख्यायिका असून, ऑक्टोबरांतील चहाच्या उत्सवांत अजूनही तेथूनच पाणी काढतात. जवळच ब्योदोइन मंदिर आहे. त्याचें १०५३ सालचें मुख्य दालन समोरच्या तळ्यांत असें प्रतिबिंबित होतें कीं पाहतच राहावें. हेंच दालन जपानच्या दहा येनच्या नाण्यावर कोरलेलें आहे. वहिनींनीं तेथें भक्तिभावानें हात जोडले. परंतु बाहेर आल्यावर त्या उन्हानें अगदीं थकून गेल्या. क्योतोकडील उन्हाळा दमट आणि कोंदट. कोंकणांतला ज्येष्ठ आठवावा.

विसाव्यासाठीं आम्ही एका जुन्या दुकानांत शिरलों. दुकान एक वृद्ध बाई चालवीत होत्या, आणि कोपऱ्यांत एक दगडी जातें होतें. तें पाहतांच वहिनींचा चेहरा उजळला. "भावोजी, हें तर आपलेंच जातें!"

आजीबाईंनीं सांगितलेली हकीकत पुतण्या आम्हांस मराठींत सांगूं लागला. ऐसाइ नांवाच्या बौद्ध भिक्षूनें ११९१ सालीं चीनहून चहाचें बीं आणलें, आणि १२११ मध्यें चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. माचा नांवाचा हा चहा व्हावयाचा, तर खुडणीपूर्वीं तीन आठवडे झाडें सांवलींत ठेवावीं लागतात. पूर्वीं बोरूच्या ताट्या आणि भाताचा पेंढा घालीत, आतां बहुधा काळें कापड असतें. ऊन तुटलें कीं पानांतील हिरवें द्रव्य वाढतें. मुळांकडून आलेलें थिॲनीन नांवाचें चवदार द्रव्य तुरटांत न बदलतां शिल्लक राहतें. मग पानें वाफवून, न वळतां वाळवून, शिरा व देठ काढून जात्यांत घालावयाचीं. जातें जोरानें फिरविल्यास पीठ तापतें व वास जातो, म्हणून तासाला चाळीस ग्रॅम एवढेंच दळण निघतें. एका पेल्यास दोन ग्रॅम लागतात. म्हणजे आपण दोन घोटांत संपवितों त्यासाठीं जातें तीन मिनिटें फिरलेलें असतें!

"आणि गाळायचा नाहीं?" वहिनींनीं विचारलें. नाहीं, पान सबंधच पोटांत जातें.

उन्हाचे दिवस, म्हणून आजीबाईंनीं चहा थंड करून देण्याचें ठरविलें. हिरवागार फेस पाहून वहिनी माझ्या कानाशीं पुटपुटल्या, "ही भांग तर नव्हे ना?" परंतु लक्ष त्यांचें कृतीकडेच होतें, आणि ती कृति येथें देतों.

माचाचा एक सपाट चमचा बारीक चाळणींतून वाडग्यांत चाळावा. न चाळल्यास गुठळ्या राहतात. त्यावर कढत, परंतु न उकळणारें पाणी पाव कप घालून बांबूच्या बारीक दांत्यांच्या घुसळणीनें पुढें-मागें झपाट्यानें फेंसावें. दुसऱ्या पेल्यांत एक चमचा यूझूचा रस, दोन चमचे साखरेचा पाक, थोडें गार पाणी आणि भरपूर बर्फ घालावा. फेंसलेला चहा बर्फावरून हळूहळू ओतावा. खालीं जड गोड रस, वर हिरवा चहा, असे दोन थर दिसतात; पिण्याच्या वेळींच ढवळावें.

यूझू हें खडबडीत सालीचें, पिंवळें, सुवासिक लिंबू. तें हिवाळ्याच्या तोंडाशीं पिकतें, आणि रस बाटल्यांत भरून उन्हाळ्यापर्यंत ठेवतात. वर्षांतील सर्वांत लहान दिवशीं हीं फळें स्नानाच्या गरम पाण्यांत सोडण्याचीही तिकडे चाल आहे.

"रस आधींच का मिसळीत नाहींत?" वहिनींनीं विचारलें. आजीबाईंनीं थोड्या चहांत रस घालून ती वाटी बाजूस ठेवली. जरा वेळानें तिचा रंग मळकट झाला. पालेभाजींत चिंच पडली कीं जें होतें तेंच हें. आंबटानें हिरवें द्रव्य विटतें. वहिनी हंसल्या. त्यांनीं पेला उचलला, आणि सावकाश सगळा संपविला. आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, परंतु बोललों नाहीं.

आजीबाईंनीं एकच लहान डबी दिली. २०२४ च्या अखेरीस जगभरची मागणी एवढी वाढली कीं क्योतोच्या कांहीं जुन्या दुकानांनीं गिऱ्हाइकास किती द्यावयाचें यावर बंधन घातलें. नवीन झाड खुडणीस यावयास चार-पांच वर्षें लागतात, आणि जातें तर घाई मानीत नाहीं.

आपल्याकडे यूझू नाहीं. कागदी लिंबू अधिक आंबट, म्हणून अर्धा चमचाच पुरे. घुसळणी नसल्यास घट्ट झांकणाच्या बाटलींत हलवावें. झोंप कमी असणाऱ्यांनीं मात्र सायंकाळीं घेऊं नये. हा चहाच आहे.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां स्वयंपाकघरांतून बर्फाचा आवाज आला. वहिनी पेले घेऊन बाहेर आल्या. एक पुतण्याचा, एक माझा, आणि तिसरा त्यांचा स्वतःचा. "हा कांहीं आमचा तो चहा नव्हे," त्या म्हणाल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. समोरची खुर्ची आम्हीं रिकामीच ठेवली.