सिंगापूरचें पाणी

सिंगापूर शहराच्या दक्षिण टोकास, मरीना खाडीच्या मुखावर एक बांध आहे. तेथील इमारतीच्या छपरावर हिरवळ लावली असून संध्याकाळीं मुलें तीवर पतंग उडवितात. एका बाजूस खारा समुद्र, दुसऱ्या बाजूस गोड्या पाण्याचें सरोवर, आणि मध्यें नऊ पोलादी दारें. सहलीस आलेल्या माणसास स्थळ रम्य वाटतें. परंतु एका राष्ट्राची जिवाची काळजी त्या दारांपाशीं पहारा करीत आहे, हें सहसा त्याच्या ध्यानीं येत नाहीं.

या बेटावर पाऊस थोडा पडतो, असें नव्हे. वर्षाकाठीं सुमारें २४०० मिलिमीटर वृष्टि होते. उणीव आहे ती जमिनीची. साऱ्या देशाचा विस्तार साडेसातशें चौरस किलोमीटरांहूनही कमी. त्यांत मोठी नदी नाहीं, कीं पाणी सांठविण्यास ऐसपैस खोरें नाहीं. म्हणून शेजारच्या जोहोर संस्थानांतून नळानें पाणी आणणें भाग पडलें. या परावलंबनाचा कटु अनुभव १९४२ सालीं आला. माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यानें जोहोरचा सेतु सुरुंगानें उडविला, तेव्हां त्यावरील नळही तुटला. आणि १५ फेब्रुवारीस जपान्यांस शरण जाण्याच्या कारणांत पाण्याचा तुटवडा हें एक प्रमुख होतें. पुढें १९६२ च्या करारानें जोहोर नदीचें रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेण्याचा हक्क मिळाला. परंतु १९६५ सालीं सिंगापूर मलेशियापासून विभक्त झालें आणि तें पाणी परराष्ट्राचें ठरलें. कराराची मुदत २०६१ सालीं संपते.

ही तारीख डोळ्यांपुढें ठेवूनच तेथील सारी योजना झाली. प्रथम पाऊस अडविला. देशाच्या दोनतृतीयांश भूमीवरील पावसाचें पाणी गटारांतून व कालव्यांतून सतरा जलाशयांत जातें. एके काळीं दुर्गंधीनें भरलेली सिंगापूर नदी १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत स्वच्छ केली, म्हणूनच २००८ सालीं तिच्या मुखाशीं वरील बांध घालून गोडें सरोवर करतां आलें. २००५ सालीं समुद्राचें पाणी गोडें करणारा पहिला कारखाना तुआस येथें निघाला. आज असे पांच आहेत. मात्र या कामीं वीज फार खर्च होते.

सर्वांत धाडसाचा उपाय सांडपाण्याचा. तें आधीं नेहमीच्या रीतीनें शुद्ध करून मग अतिसूक्ष्म गाळण्यांतून काढतात, दाबानें अशा पडद्यांतून ढकलतात कीं क्षार व जंतु मागें राहावे, आणि शेवटीं अतिनील किरणांखालून नेतात. या पाण्यास ‘न्यूवॉटर’ म्हणतात. २००३ पासून त्याचा पुरवठा सुरू झाला. बहुतेक पाणी कारखान्यांकडे जातें. कोरड्या दिवसांत थोडें जलाशयांत मिसळतात.

यंत्रें विकत मिळतात. मनाची किळस यंत्रानें जात नाहीं. ज्या घरांत सोवळ्याची घागर वेगळी ठेवीत, तेथील माणसांस हें निराळें सांगावयास नको. सिंगापूरनें प्रथम शब्द बदलला: ‘सांडपाणी’ न म्हणतां ‘वापरलेलें पाणी’ म्हटलें. ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रीय समारंभांत पंतप्रधान गोह चोक टाँग यांनीं व हजारों नागरिकांनीं तें एकत्र प्राशन केलें. शाळांतील मुलांस त्याची कृति दाखविली. आणि पाणी फुकट नसतें, हेंही लपविलें नाहीं. २०१७ सालीं दर ३० टक्क्यांनीं वाढविण्याचें जाहीर झालें, तेव्हां लोकांनीं कुरकुर केली, पण पैसे भरले.

२०६१ सालीं करार पुन्हा होवो वा न होवो, त्या दिवशीं शेजाऱ्यापुढें हात पसरावा लागूं नये, एवढाच या खटाटोपाचा हेतु. त्यासाठीं त्या लोकांनीं मोरींतून गेलेल्या पाण्यासही टाकाऊ मानण्याचें सोडून दिलें आहे.