कोणत्या तारखेची यामातो?

यामातोचा किट घेऊन येणारा नवखा आधी रंग विचारतो. मी तारीख विचारतो. ही युद्धनौका १६ डिसेंबर १९४१ रोजी जपानी आरमारात दाखल झाली आणि ७ एप्रिल १९४५ रोजी क्यूशूच्या दक्षिणेला बुडाली. मॉडेल करणाऱ्याच्या लेखी मात्र ती निदान दोन जहाजं आहेत. सुरुवातीला तिच्यावर १५.५ सेंटिमीटर तोफांचे चार टरेट होते. १९४४मध्ये दोन्ही बाजूंचे टरेट काढले आणि तिथे विमानविरोधी तोफा आल्या. १२.७ सेंटिमीटरच्या जोडतोफा सहाच्या बारा झाल्या, २५ मिलिमीटरच्या तोफांची तर दाटीच झाली. मुख्य तोफा होत्या शत्रूच्या मोठ्या जहाजांसाठी. येत होती ती विमानं.

बाजूचे टरेट ठेवून वर १९४५ची तोफांची गर्दी केली, की न झालेलं जहाज तयार होतं. प्रदर्शनांत अशा खिचड्या पुष्कळ दिसतात, बक्षिसंही मिळवतात.

पुरावा शोधायचा कुठे? कुरे इथल्या गोदीत तिची बांधणी पडद्याआड झाली. ४६ सेंटिमीटरच्या तोफांना कागदोपत्री ४० सेंटिमीटरच्या म्हटलं गेलं. शरणागतीच्या वेळी बरीचशी कागदपत्रं जाळली. जपानी बाजूचे उरलेले फोटो मोजके. ऑक्टोबर १९४१च्या चाचणीतला, भर वेगात पाणी कापतानाचा फोटो त्यांतला सर्वांत देखणा. शेवटच्या अवतारासाठी आम्ही डोळे बारीक करून तपासतो ते फोटो अमेरिकी विमानांतून घेतलेले, म्हणजे तिला बुडवायला आलेल्यांनीच काढलेले. धुरामुळे हवा तो कोपरा नेमका झाकलेला असतो.

मापाचं गणित वेगळंच छळतं. २६३ मीटरचं जहाज १/३५० प्रमाणात ७५ सेंटिमीटर भरतं, १/७००मध्ये त्याच्या निम्मं. ४६ सेंटिमीटरचं तोफेचं तोंड १/३५०वर जेमतेम १.३ मिलिमीटर. प्लास्टिकच्या नळीवर साच्याची शिवण राहते, ती घासताना नळीचा गोलपणा जातो; म्हणून मी पितळी नळ्या बसवतो. कठड्यांचं गणित कधीच जुळत नाही. बोटाएवढी जाड तार १/७००वर केसाहून बारीक व्हायला हवी, फोटो-एचचा, म्हणजे रसायनानं कोरलेला धातूचा पत्रा तेवढा पातळ नसतो. अशा वेळी कठडे गाळणं मला अधिक प्रामाणिक वाटतं. हे ऐकून आमच्यातले काही जण चिडतात.

गंजाचे ओघळ काढायची तर फॅशनच आहे. यामातो बराच काळ ट्रुक बेटांच्या नांगरवाड्यात उभी होती. इतर जहाजांवरचे खलाशी तिला ‘यामातो हॉटेल’ म्हणून चिडवत. हाताशी एवढे खलाशी असताना रंग कोण सोलू देईल? नांगराच्या साखळीखाली एक पुसट रेघ पुरे. ती मारून झाल्यावर वार्निशचा हात मात्र दिवाळीनंतरच. मुंबईच्या पावसाळी हवेत लॅकरवर पांढरी साय धरते आणि राखाडी रंग मातीमोल होतो.